शुभमंगल आणि मोगली

लग्नाला निघायचं म्हटलं की आपल्याकडे तीन प्रश्न ठरलेले. मुहूर्त कधीचा, उतरायचं कुठे आणि आहेर काय न्यायचा? आमच्या भाच्याचं लग्न टोकियोला ठरलं तेव्हा त्यात चौथ्या प्रश्नाची भर पडली. फोनवर तो म्हणाला, "मामा, मामी, तुम्हाला कार्टूनमधली गाणी किती येतात?"

टोरोंटोत तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. आम्हाला वाटलं, झोपेत ऐकण्यात काहीतरी घोळ झाला. पण घोळ नव्हता. भाचा आणि त्याची होणारी जपानी बायको, दोघांनी मिळून ठरवूनच टाकलं होतं की स्वागत समारंभात जे काही वाजेल ते सगळं ॲनिमेतलं वाजेल. ॲनिमे म्हणजे जपानी व्यंगचित्रपट आणि मालिका. आम्हाला कळावं म्हणून तो "कार्टून" म्हणाला, एरवी हा शब्द कुणी वापरला की त्याचं तोंड वाकडं होतं.

"आणि ताई काय म्हणाली?" आम्ही विचारलं.

पलीकडे जरा शांतता. मग उत्तर आलं, "म्हणूनच तुम्हाला लवकर बोलावतोय."

आमची ताई सांगलीची. तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं. पेटीवर तिचा हात असा की भजनाला शेजारच्या गल्लीतून बोलावणं यायचं. दाजी २०११ साली गेले. मुलगा एकुलता एक. तो दोन वर्षांनी नोकरीसाठी जपानला गेला आणि तिथलाच झाला. ताईनं जपानी सून मनापासून पत्करली होती, त्यात खोट नव्हती. अंतरपाट, मंगलाष्टकं, सप्तपदी हे सगळं जानेवारीत सांगलीत यथासांग व्हायचंच होतं. पण टोकियोच्या समारंभाबद्दल ती आम्हाला एवढंच म्हणाली, "माझ्या लेकाच्या लग्नात माझं म्हणावं असं एक तरी गाणं असू द्या रे."

हे वाक्य बरोबर घेऊन आम्ही २०२३ च्या नोव्हेंबरात विमानात बसलो.

आमच्या डोक्यातला जपान पु. लं.च्या 'पूर्वरंग'मधला. चेरीची फुलं, कागदी भिंती, कमरेत वाकून नमस्कार. आम्ही उतरलो ते निशीकासाईत. टोकियोच्या पूर्वेला एदोगावा वॉर्डातली ही वस्ती. दोन हजार साल उजाडताना संगणकांचं कसं होणार म्हणून जगभर धांदल उडाली होती, त्या सुमाराला भारतीय संगणकवाले इथे मोठ्या संख्येनं राहायला आले आणि मग एकाला दुसरा चिकटत गेला. २०१९ साली तर योगेंद्र पुराणिक या आपल्या मराठी माणसाला एदोगावाच्या लोकांनी वॉर्डसभेवर निवडून दिलं. त्यामुळे तूरडाळ, हिंग, मोहरी चालत जाऊन मिळते. ताई मुंबईहून दोन डबे भरून गोडा मसाला घेऊन आली होती, ती म्हणाली, "कशाला एवढं ओझं वाहिलं!"

दुसऱ्या दिवशी भाचा आम्हाला घेऊन तोझाई मार्गानं ताकादानोबाबा स्टेशनला गेला. टोकियोत बऱ्याच स्टेशनांवर गाडी सुटताना घंटेऐवजी छोटीशी धून वाजते. ताकादानोबाबाला यामानोते मार्गाच्या फलाटावर वाजते ती 'तेत्सुवान आतोमु'ची, म्हणजे 'ॲस्ट्रो बॉय' या यंत्रमानव मुलाच्या मालिकेची. कथेप्रमाणे या पोराचा जन्म याच भागात, ७ एप्रिल २००३ रोजी झाला! मालिका दूरचित्रवाणीवर लागली १ जानेवारी १९६३ ला, आणि तिचं गाणं लिहिलं होतं शुनतारो तानिकावा या जपानच्या नामांकित कवीनं. फलाटावर छत्री घेतलेले आजोबा, बॅगवाले साहेब, शाळेची पोरं, सगळे त्या धुनीवर आपापल्या गाडीत चढत होते.

"बघ आई," भाचा म्हणाला, "इथे ही गाणी पोरासोरांची नाहीत. साठ वर्षांच्या माणसाच्या बालपणातसुद्धा आहेत."

ताई काही बोलली नाही. पण तिची बोटं पर्सच्या पट्ट्यावर स्वर शोधत होती, ते आम्ही पाहिलं.

आता जपानी लग्नाचं थोडं सांगायला हवं. मुख्य विधी एकतर शिंतो देवळात होतो, नाहीतर चर्चसारख्या दालनात. देवळातला विधी फार जुना असेल असं आपल्याला वाटतं, पण त्याचा आजचा साचा १९०० सालचा. त्या वर्षीच्या मे महिन्यात युवराज योशिहितो, म्हणजे पुढचे ताइशो सम्राट, यांचं लग्न राजवाड्यातल्या देवस्थानासमोर झालं आणि त्यावरून सामान्य लोकांतही ती पद्धत पसरली. विधीनंतर 'हिरोएन', म्हणजे आपलं रिसेप्शन. पण आपल्यासारखं नाही, की रांगेत उभं राहा, पाकीट द्या, फोटो काढा आणि जेवायला पळा. इथे प्रत्येक पाहुण्याची खुर्ची नावानिशी ठरलेली, जेवण बसून, आणि अडीच तासांचा कार्यक्रम मिनिटामिनिटाला बांधलेला. रात्री मित्रमंडळींची 'निजिकाई' नावाची दुसरी बैठक असते, तिथे मात्र मोकळीक.

पाकीट अर्थात तिथेही आहे. मित्रानं साधारण तीस हजार येन द्यायचे; वीस किंवा चाळीस नाही, कारण सम संख्येचे दोन सारखे भाग होतात. ताईला हे लगेच पटलं. "मग आपण एकशे एक का देतो?" ती म्हणाली.

दिवससुद्धा ते बघूनच धरतात. त्यांच्या पंचांगात सहा दिवसांचं एक चक्र असतं; त्यातला 'ताइआन' लग्नाला उत्तम आणि 'बुत्सुमेत्सु' वाईट. वाईट दिवशी हॉलचे दर बऱ्याचदा उतरतात. आमच्या पोरांनी ताइआन धरला होता आणि पूर्ण पैसे मोजले होते.

हॉलवरच्या बैठकीला भाच्यानं आम्हा सगळ्यांना नेलं. समारंभ आखून देणारी बाई तिथे कागद मांडून बसली होती. कागदावर चौदा रकाने होते. नवरानवरीचा प्रवेश, पेल्यांचा मान, केक, मध्येच नवरीचं बाहेर जाणं, कपडे बदलून पुन्हा येणं, आईबापांना पत्र, फुलं, पाहुण्यांना निरोप. प्रत्येक रकान्यासमोर एक गाणं. तेरा भरले होते. चौदावा, शेवटून दुसरा, कोरा होता. त्यापुढे भाच्यानं जपानीत लिहिलं होतं, "आई".

ताईला वाचता आलं नाही. आम्हीही तेव्हा सांगितलं नाही.

त्या बाईंनी प्रत्येक गाणं आधी शब्दांसाठी तपासलं होतं. जपानी लग्नात काही शब्द उच्चारायचेच नाहीत: तुटणं, वेगळं होणं, संपणं, परत परत. केक 'कापला' म्हणत नाहीत, केकमध्ये सुरी 'घातली' म्हणतात. समारंभ संपला असंही म्हणत नाहीत, तो 'उघडला' म्हणतात! आम्ही दोघं हसायला लागलो तर ताईनं आम्हालाच दटावलं. "हसता काय? तुम्ही बांगडी फुटली म्हणता की वाढवली? आणि घरातून निघताना जातो म्हणता की येतो?"

या चाळणीतून बरीच लाडकी गाणी गळाली होती. 'सीक्रेट बेस' हे २००१ सालचं गाणं २०११ मध्ये 'आनोहाना' या मालिकेत पुन्हा आलं आणि भाच्याच्या मित्रांचं फार आवडतं. पण ते उन्हाळा सरताना मैत्रिणीला दिलेल्या निरोपाचं, म्हणून बाद. 'इव्हँजेलियन'चं १९९५ सालचं गाणं तर सगळ्या जपानला तोंडपाठ. त्याच्या नावातच 'क्रूर देवदूत' आहे. त्यावर त्या बाईंनी मान जराशी तिरकी केली आणि दातांतून हवा ओढली. जपानात याचा अर्थ 'नाही'. ते निजिकाईसाठी ठेवलं.

नवरीच्या एका काकांना 'तेंतोमुशी नो सांबा' हवं होतं. १९७३ सालचं हे गाणं जपानी लग्नांत वर्षानुवर्षं गायलं गेलं. आपल्याकडे बँडवाल्यांची काही गाणी ठरलेली असतात ना, तसं. पण ते ॲनिमेतलं नाही, म्हणून काकांचीही रवानगी निजिकाईत झाली. नियम म्हणजे नियम.

मग एकेक गाणं आम्हाला ऐकवायला लागले. प्रवेशाला 'वन पीस' या चाचेगिरीच्या मालिकेचं १९९९ सालचं गाणं, कारण ती मालिका बघतच भाचा जपानी बोलायला शिकला. पेल्यांच्या मानाला 'ड्रॅगन बॉल झेड'चं धडाक्याचं गाणं. केकला 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' या २००४ च्या चित्रपटातलं जो हिसाइशींचं वॉल्ट्झ. ताई टेबलावर बोटं मोजायला लागली. "तीन तीन मात्रा. आपला दादराच की हा!" तिचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला.

नवरी मध्येच आजीचा हात धरून बाहेर जाणार, तेव्हा 'तोतोरो' चित्रपटातलं 'सांपो', म्हणजे फेरफटका. तिथे बालवाडीतली मुलं सहलीला निघाली की हेच गातात. सूनबाई आणि तोतोरो दोघंही १९८८ चे. आईबाप कामावर असताना आजीनं हा चित्रपट तिला इतक्यांदा दाखवला की व्हिडिओ कॅसेटची फीत झिजली.

कपडे बदलून परत येताना 'सेलर मून'चं 'मूनलाइट देन्सेत्सु'. ही मालिका १९९२ पासून शनिवारी संध्याकाळी सात वाजता लागायची. सूनबाईंचे वडील कंपनीत नोकरीला; पोरगी उठायच्या आत घराबाहेर आणि झोपल्यावर घरात. शनिवारी मात्र ते सातच्या आत यायचे आणि बिअरचा पेला घेऊन तिच्याशेजारी बसायचे. बोलायचे काहीच नाहीत. नुसते बसायचे.

"गोष्ट काय आहे?" ताईनं विचारलं. भाच्यानं सांगितलं, की नायिका आणि नायक हे मागच्या जन्मीचे राजकन्या आणि राजपुत्र, या जन्मी पुन्हा भेटतात.

"म्हणजे वटसावित्रीच," ताई म्हणाली. "मग एवढं कार्टून कार्टून काय करता?"

पण पत्राच्या वेळचं गाणं आलं आणि ती गप्प झाली. ते होतं मासाकी सुदाचं 'निजी', म्हणजे इंद्रधनुष्य. २०२० च्या डोरेमॉनच्या चित्रपटातलं. डोरेमॉन आपल्याकडे २००५ पासून हिंदीत लागतो, त्यामुळे नोबिता हा रडका पोरगा सगळ्यांच्या घरचा झालाय. या चित्रपटात तो काळयंत्रातून मागे जातो आणि आपल्या आजीला भेटतो, जी कधीच गेलेली आहे. आजीची इच्छा एवढीच की नोबिताची नवरी बघायची. म्हणून हा वेंधळा तिला लग्न दाखवायला निघतो.

भाच्यानं हे सांगितलं ते खाली बघून. ताई खिडकीकडे बघत राहिली. परतीच्या गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

चौदावी जागा भरायची कशी, यावर पुढचे दोन दिवस घरात चर्चा झाली. भाच्यानं फार विचार करून एक तोड काढली. 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' हा चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. युगो साको हे जपानी गृहस्थ १९८३ साली रामायणाशी निगडित उत्खननावर माहितीपट करायला भारतात आले आणि रामकथेच्या प्रेमातच पडले. आपले राम मोहन आणि तिकडचे कोइची सासाकी यांना बरोबर घेऊन त्यांनी हा ॲनिमे केला. तो १९९३ च्या जानेवारीत आपल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. संगीत वनराज भाटियांचं, आणि मूळ इंग्रजी चित्रपटात गाणी चक्क संस्कृत! म्हणजे ॲनिमेही झाला, संस्कृतही झालं, रामसीताही आले. आम्हाला वाटलं, प्रश्न सुटला.

ताईनं दोन गाणी शांतपणे ऐकली. "सुरेख आहेत," ती म्हणाली. "पण तू हा सिनेमा लहानपणी पाहिलास का?"

"नाही. टोकियोत आल्यावर पाहिला."

"मग हे माझ्यासाठी उसनं आणलंयस, राजा. सून बघ, तिच्या प्रत्येक गाण्याशेजारी एक माणूस बसलंय. याच्या शेजारी कोण बसलं होतं?"

भाच्याला उत्तर देता आलं नाही. आम्हालाही नाही. ताईला मंगलाष्टकं हवी आहेत, जुनं काहीतरी हवं आहे, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. ती ते मागतच नव्हती.

गाठ सुटली ती स्वयंपाकघरात. रविवारची सकाळ होती. ताई सूनबाईंना पोळी लाटायला शिकवत होती आणि आम्ही दोघं दोन्हीकडचं इंग्रजी सांभाळत होतो. सूनबाईंनी सहज विचारलं, "आई, हे लहानपणी काय बघायचे?"

"काय बघणार? मोगली! रविवार उजाडला की बापलेक टीव्हीपुढे. सात वर्षांचा होता हा. आंघोळ नाही, पांघरूण नाही, उघडाबंब. आणि हे खांद्यावर पंचा टाकून शेरखानचा आवाज काढायचे, नाना पाटेकरसारखा. मी पोहे परतत असायची. गाणं लागलं की दोघंही आतून हाका मारायचे, ये ये, सुरू झालं."

'जंगल बुक'. १९९३ सालचं दूरदर्शन. शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं, आणि शेरखानला आवाज खरोखरच आपल्या नानांचा. आम्ही कॅनडात आलो त्याच्या आदल्या वर्षी सांगलीला गेलो होतो, तेव्हा दाजींचा तो शेरखान आम्हीही पाहिला होता. पार विसरून गेलो होतो.

सूनबाईंनी पिठाच्या हातानंच मोबाइल उचलला, काहीतरी शोधलं आणि एकदम ओरडल्या, "आई! हे आमचं आहे!"

"काहीतरीच! किपलिंगची गोष्ट, गुलजारचं गाणं, तुमचं कसं?"

पण होतं खरं. आपण सगळ्यांनी घरची म्हणून पाहिलेली ती मालिका निप्पॉन ॲनिमेशन या जपानी कंपनीनं केलेली. १९८९ ते १९९० या काळात ती टीव्ही टोकियोवर बावन्न भागांत लागली होती. चित्रं जपानची, गाणं मात्र भारतात नव्यानं केलेलं. सूनबाईंनी ते कधीच ऐकलं नव्हतं. भाच्यानं मोबाइलवर लावलं. पहिल्या ओळीला तो हसत होता. दुसऱ्या ओळीला उठून गॅलरीत गेला.

ताईनं पोळी तव्यावर तशीच ठेवली. ती करपली.

थोड्या वेळानं डोळे पुसून ताईनंच शंका काढली, "पण अरे, त्या गाण्यात चड्डी आहे! विहीणबाईंना काय सांगणार?" भाच्यानं अनुवाद केला तेव्हा सूनबाई ओट्याला धरून हसत सुटल्या. गाणं ॲनिमेचं की नाही यावर निकाल त्यांनीच दिला: मालिका जपानी, म्हणजे नियमात बसतं.

पण दुसऱ्या दिवशी हॉलवर वेगळीच अडचण निघाली. गाणं मोबाइलवर आहे म्हटल्यावर त्या बाईंनी पुन्हा मान तिरकी केली. जपानात गाण्यांच्या हक्काचा कारभार मोठा काटेकोर. गीतकार-संगीतकारांच्या वतीनं पैसे गोळा करणारी जासरॅक ही संस्था १९३९ पासूनची. हॉलनं तिच्याशी करार केलेला असतो, त्यामुळे विकत घेतलेली मूळ सीडी लावता येते. पण घरी नक्कल केलेली सीडी, किंवा स्वतःपुरतं ऐकायला म्हणून उतरवलेलं गाणं हॉलवाले लावत नाहीत. लहानपणीच्या फोटोंच्या चित्रफितीत गाणं घालायचं तर नक्कल करण्याची परवानगी निराळी. लग्नांसाठी ती मिळवून देणारी आयसम नावाची संस्था २०१३ साली निघाली, आणि तिच्या यादीत असेल तेच गाणं घ्यायचं. आमची जपानी गाणी तिथे सापडली. मोगली सापडला नाही. मूळ सीडी आमच्याकडे नव्हती, आणि तीन आठवड्यांतले उरले होते दहा दिवस.

आमचा चेहरा पडला. आपल्याकडे वरातीत कोण विचारतो! आपल्या कॉपीराइट कायद्यात लग्नाच्या वरातीला आणि लग्नातल्या समारंभांना सूटच आहे. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारनं पुन्हा तसा खुलासाही केला. पण टोकियोत बसून सांगलीचा कायदा काय कामाचा?

त्या बाईंनी कागद चाळले, आणि हळूच विचारलं, "ध्वनिमुद्रण चालणार नाही. पण कुणी प्रत्यक्ष वाजवलं तर आमच्या करारात बसतं. घरात वाजवणारं कुणी आहे का?"

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं.

"छे छे! मी पेटीवाली. तो केवढा पियानो!" ताई म्हणाली. पण उठली मात्र. हॉलमधल्या पियानोसमोर बसली, उजव्या हातानं काळी चारचा षड्ज धरला. डावा हात मात्र हवेत. तीस वर्षं भाता मारलेला हात, त्याला पियानोवर काम सापडेना. तो आपला पेटीची पाठ शोधत होता. मग तिनं तो मांडीवर ठेवला आणि एका हातानं सगळं गाणं वाजवून दाखवलं, जसं दर रविवारी पोहे खाली उतरवून ऐकलं होतं तसं. त्या बाईंनी कागदावर जपानी अक्षरांत लिहून घेतलं: गीत गुलजार, संगीत विशाल भारद्वाज. मग लिहिलं, वादन: वरमाता.

लग्नाच्या दिवशी सकाळी देवळात विधी झाला. नवरानवरीनं तीन पेल्यांतून तीन तीन घोट साके घेतली. वाद्यं सुरू झाली आणि ताईनं आमचा हात दाबला. "सनई!" तिचं फार चुकलं नव्हतं. 'हिचिरिकी' नावाचं ते एवढंसं वाद्य, पण सनईसारखंच दुहेरी पत्तीचं. विहीणबाई काळ्या किमोनोत होत्या. तिथे वधूवरांच्या आयांचा मानाचा पोशाख तोच. काळं बघून ताई आधी दचकली होती. मग किमोनोच्या खालच्या काठावरचं सोनेरी नक्षीकाम जवळून बघितलं आणि म्हणाली, "चंद्रकळा आहे हो ही!" तिची स्वतःची पैठणी विहीणबाईंनी बोटांनी चाचपून पाहिली. भाषेवाचून दोघींचं त्यात बरंच बोलणं झालं.

समारंभ कागदावर लिहिल्याप्रमाणे मिनिटामिनिटानं पुढे सरकला. आजीचा हात धरून सूनबाई बाहेर गेल्या तेव्हा निशीकासाईची मराठी पोरं आणि जपानी पोरं एका सुरात तोतोरोचं गाणं म्हणत होती. 'सेलर मून' लागलं तेव्हा आम्ही मुद्दाम व्याह्यांकडे पाहिलं. गृहस्थ ताठ बसलेले, चेहरा दगडी. ओठ मात्र हलत होते. अख्खं गाणं पाठ होतं.

शेवटी ताई पियानोशी गेली. दाजींचा फोटो टेबलावर ठेवावा का, असं त्या बाईंनी आधी विचारलं होतं. तिथे तशी रीत आहे. ताई नको म्हणाली होती. "फोटो ठेवला की माणूस गेल्यासारखं वाटतं."

तिनं एका हातानं सुरुवात केली. पहिले चार स्वर वाजले आणि मराठी टेबलांवर खुर्च्या वाजल्या. तिशी-चाळिशीतली ती सगळी मुलं, कुणी सोलापूरचं, कुणी नागपूरचं, उभी राहून गायला लागली. जपानी पाहुण्यांना काही कळत नव्हतं, पण ठेका कळला. टाळ्या सुरू झाल्या. भाचा आईमागे उभा राहिला. त्यानं उजव्या खांद्यावर हातरुमाल टाकला, पंच्यासारखा. ते कशासाठी, हे त्या दालनात आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

पाहुण्यांना निरोप देताना, म्हणजे समारंभ 'उघडताना', व्याही ताईसमोर आले. भाच्यानं त्यांना दाजींच्या रविवारांबद्दल सांगितलं असावं. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मोजक्या इंग्रजीत म्हणाले, "शनिवार, संध्याकाळ." मग ताईकडे हात करून म्हणाले, "रविवार, सकाळ." आणि कमरेत वाकले. ताईनं हात जोडले. तीही वाकली, आणि बराच वेळ कुणी आधी वर व्हायला तयार होईना.

जानेवारीत सांगलीला अंतरपाट धरायला आम्ही पुन्हा गेलो. शार्दूलविक्रीडितातली मंगलाष्टकं ताईनंच म्हटली. आदल्या दिवशी बँडवाले विचारायला आले होते, वरातीला कुठली गाणी घ्यायची? ताईनं पेटी ओढली, बसायला सांगितलं, आणि त्यांच्याकडून 'सेलर मून' बसवून घेतलं. दुसऱ्या दिवशी गणपती मंदिराच्या रस्त्यानं ते दणक्यात वाजत गेलं. पुढे फेटा बांधलेले व्याही चालत होते, ताठ, दगडी चेहऱ्यानं. ओठ मात्र हलत होते.